सव्वीस चौरस फूट, चार माणसं आणि एक वायपर

आमचं बाथरूम चार फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब. दारातून आत गेलं की डावीकडे बेसिन, त्याच्या पुढे कमोड आणि शेवटच्या टोकाला शॉवर. दार आत उघडतं, म्हणजे त्याला फिरायला लागणारी जागा आपल्या हिशोबातून आधीच वजा. घरात माणसं चार: मी, बायको, आई आणि कॉलेजात जाणारी मुलगी. सामान कुठे ठेवायचं हा प्रश्न आम्ही वर्षानुवर्षं फ्लशच्या टाकीच्या झाकणावर सोडवत आलो होतो.

एका सकाळी त्या झाकणावरची शाम्पूची बाटली थेट कमोडमध्ये पडली. बूच उघडंच होतं. ती बाहेर काढायला लागणारे रबरी हातमोजे बेसिनखालच्या ढिगात अगदी तळाशी, आणि ते ओढून काढताना फरशी पुसायच्या औषधाची बाटली लवंडली. फ्लश केला की कमोडमधून फेस वर येत होता. दाराबाहेरून मुलगी ओरडली, "बाबा, आता तरी काहीतरी कर!"

मी लगेच जे केलं ते चुकीचं होतं. बाजारात जाऊन एक रॅक घेऊन आलो. आम्हा लोकांना जागेचा प्रश्न वस्तू विकत घेऊन सोडवायची फार घाई असते. रॅक व्हॅक्यूम कपवाला होता, भिंतीला भोक नको, सुतार नको, दाबून चिकटवला की झालं. तिसऱ्या रात्री तो खाली आला. पुन्हा लावला, पुन्हा आला. त्या कपाचं गणित तसं पक्कं असतं. आतली हवा दाबून बाहेर काढली की बाहेरची हवा दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोच्या जोराने त्याला भिंतीवर दाबून धरते. पण टाइल अगदी गुळगुळीत असेल तरच. आमच्या टाइलला हलका खडबडीत पोत आहे, त्यातून हवा हळूहळू आत शिरते. शिवाय एक कप नेमका दोन टाइलमधल्या सांध्यावर बसला होता. तिथे तर हवेला सरळ रस्ताच.

दुसऱ्यांदा रॅक पडला तेव्हा बायको म्हणाली, "अरे, आधी आत आहे काय ते तरी बघू."

रविवारी आम्ही हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरली आणि बाथरूममधली एकूण एक वस्तू बाहेर आणली. एकसष्ट निघाल्या. त्यांत तळाला चमचाभर उरलेले तीन कंडिशनर होते, मुदत संपलेलं सनस्क्रीन होतं, कुणाचा ते कुणीच कबूल न केलेला एक कंगवा होता, आणि दोन टूथब्रश असे की ते घर आवरायचे की दात घासायचे यावर एकमत झालं नाही. मी एक कागद दारावर चिकटवला आणि आठवडाभर जो जे वापरेल त्याने त्यावर खूण करायची असं ठरवलं. रोज लागणाऱ्या वस्तू भरल्या सतरा. आठवड्यातून एकदोनदा लागणाऱ्या आणखी नऊ. बाकीच्या पस्तीस वस्तू त्या खोलीत नुसत्याच राहत होत्या.

काही सामान वापरात असूनही तिथे असायला नको होतं. आईच्या गोळ्यांची डबी आरशाखाली असायची, कारण दात घासले की गोळी, असा तिचा क्रम. पण रोज चार आंघोळींची वाफ खाणारी खोली औषधांसाठी घरातली सगळ्यात वाईट जागा. उष्णता आणि दमटपणा दोन्ही गोळ्यांना मानवत नाहीत. डबी तिच्या पलंगाशेजारच्या खणात गेली. साठ्यातले साबण, कागदाचे रोल, जादा टॉवेल हेही बाहेर काढले. रोलच्या पाकिटाचा वरचा थर दमटपणाने फुगून लाटांसारखा झाला होता. टॉवेल धुतलेले असूनही कुबट वास मारत होते.

मग मोजपट्टी घेऊन आत गेलो आणि रिकाम्या भिंती शोधू लागलो. तिथे पुन्हा अडलो, कारण रिकामी भिंत दिसली की तिथे फळी ठोकावी इतकंच डोक्यात येत होतं. फ्लशच्या टाकीवरचा रोल सतत ओला का होतो, हा एक जुना प्रश्न होता. शॉवर तर दोन हात लांब. उत्तर शोधायला मी बायकोची एक संपलेली लिपस्टिक मागून घेतली, पाण्याने सहज न जाणारी म्हणून. तीन दिवस प्रत्येकाची आंघोळ झाली की आत जायचो आणि भिंतीवर थेंब जिथवर पोचले असतील तिथे लिपस्टिकची रेघ मारायचो. तिसऱ्या दिवशी बाथरूम गुन्ह्याचा तपास चालल्यासारखं दिसत होतं. आईने दारातून डोकावून विचारलं, "अरे, तुझं सगळं ठीक आहे ना?"

पण त्या रेघांनी जे सांगितलं ते मोजपट्टीने सांगितलं नव्हतं. शॉवरसमोरच्या भिंतीवर पाणी माझ्या खांद्याच्या वर पोचत होतं. मुलगी केस धुते त्या दिवशी तर टाकीच्या झाकणाच्याही वर. बेसिनच्या नळामागे वीतभर उंचीपर्यंत रोज शिंतोडे. याउलट टाकीच्या वर, छातीच्या उंचीपासून छतापर्यंतची भिंत जवळजवळ कोरडी. दाराच्या वरची भिंत पूर्ण कोरडी. दाराची मागची बाजूही कोरडी. या एवढ्याशा खोलीत तीन वेगळ्या हवा होत्या म्हणा ना: भिजणारी, दमट आणि कोरडी. आमच्या कोरड्या वस्तू सगळ्या भिजणाऱ्या भागात होत्या, आणि कोरडा भाग रिकामा, कारण तो हाताला उंच पडायचा.

तेव्हापासून सामान आणि भिंत यांची जोडी लावणं सोपं झालं. पाण्यात राहायचंच आहे अशा वस्तू, म्हणजे शाम्पू, साबण, अंग घासायची जाळी, भिजणाऱ्या भागात. पण तिथली फळी अशी हवी की तिच्यावर पाणी थांबणार नाही. कोपऱ्यातल्या तिकोनी फळ्या मला फार आवडायच्या. प्रत्यक्ष मोजल्यावर कळलं की दोन्ही बाजू आठ इंच असलेल्या तिकोनी फळीवर चौकोनी फळीच्या निम्मीच जागा मिळते, तीन बाटल्या कशाबशा. आणि कोपऱ्याच्या टोकात साबणाचा चिकट थर साठतो, तिथे बोट जात नाही. त्याऐवजी सोळा इंच लांब आणि साडेचार इंच खोल अशी सरळ, गजांची जाळी घेतली. तिच्यात बाटल्या एका ओळीत उभ्या राहतात आणि पाणी खाली निथळतं. साबणाची वडीसुद्धा गजांवर कोरडी होते. पूर्वी ती स्वतःच्याच तळ्यात बसून आठवड्याला अर्धी व्हायची.

ही जाळी मात्र भोक पाडूनच बसवायची असं ठरवलं. सहा भरलेल्या बाटल्या म्हणजे पाचसहा किलो वजन सहज होतं.

टाइलला भोक पाडायची मला भीती होती आणि ती अनाठायी नव्हती. पहिली टाइल तडकली. तडक अशी की भोकापासून सरळ कोपऱ्यात गेली, अगदी एखाद्या नदीच्या नकाशासारखी. दोन चुका झाल्या होत्या. ड्रिल मशीन पहिल्यापासून हॅमरवर लावलं होतं, आणि भोक टाइलच्या कडेच्या फार जवळ होतं. हॅमरचे ठोके विटेला ठीक, पण टाइलची चकाकी काचेच्या जातीची. तिला ठोके नाही, घासणं हवं. शेजारच्या इमारतीत फरशीचं काम करणाऱ्या एका कारागिराला मी हे सांगितलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "घाई केली की टाइल बोलते." मग त्याने पद्धत दाखवली.

भोकाच्या जागी मास्किंग टेपची फुली चिकटवायची, म्हणजे बिटचं, ड्रिलमध्ये बसवायच्या सळीचं, टोक चकाकीवरून घसरत नाही. साध्या सिरॅमिक टाइलला भाल्यासारख्या टोकाचं कार्बाइड बिट चालतं. व्हिट्रिफाइड, म्हणजे जास्त कठीण जातीची, टाइल असेल तर डायमंड बिटच लागतं, नाहीतर नुसता धूर निघतो. हॅमर बंद, वेग कमी. मधूनमधून पाण्याचा हबका, बिट तापू नये म्हणून. टाइल पार झाली की आवाज बदलतो, किर्रकिर्र जाऊन भसभशीत होतो. तिथे थांबायचं, बिट बदलायचं आणि मग विटेत हॅमर चालू. त्यानंतरची गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती: स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची गिट्टी टाइलच्या पुढे, पूर्ण विटेत जायला हवी. ती टाइलच्या जाडीत अडकून राहिली तर स्क्रू आवळताना तिथेच फुगते आणि नीट पाडलेल्या भोकाची टाइलही फोडते. शेवटी भोकात सिलिकॉनचा ठिपका भरून मग स्क्रू, नाहीतर दररोज थोडं पाणी त्या वाटेने भिंतीत.

आणि नळाच्या सरळ वर, सरळ खाली किंवा त्याच पातळीत आडवं भोक पाडायचं नाही. भिंतीतले पाइप बहुधा त्याच रेषांत असतात. मी जाळी आधी आखली होती ती नेमकी शॉवरच्या नळाच्या डोक्यावर. कारागिराने नुसतं बोट दाखवलं. मी पेन्सिलची खूण पुसून दीड फूट बाजूला सरकलो.

तडकलेली टाइल अजून आहे. जाळी तिच्यावरच आली, त्यामुळे दिसत नाही. हे मी इथे लिहितोय, घरी कुणाला सांगितलेलं नाही.

जाळीच्या धातूवरून एक वेगळाच धडा मिळाला. स्टेनलेस स्टील म्हणून आणलेल्या दुसऱ्या एका जुन्या रॅकला तीन महिन्यांत तांबूस ठिपके आले होते. या वेळी मी दुकानात लोहचुंबक घेऊन गेलो आणि चिकटलं नाही म्हणून खूश झालो. त्यात काही अर्थ नव्हता. स्टेनलेस स्टीलच्या 304 आणि 202 या दोन्ही जातींना चुंबक जवळजवळ चिकटत नाही. फरक आत असतो. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल. 202 मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं, म्हणून ते स्वस्त आणि दमट जागी लवकर गंजणारं. पण आमचा जुना रॅक मुख्यतः आमच्याच करणीने गंजला होता. त्याच्या खालच्या कप्प्यात टॉयलेट क्लीनरची बाटली सैल झाकणाने ठेवलेली असायची. त्यातल्या हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ चांगल्या स्टीललाही सोडत नाही. ठिपके बरोबर त्या बाटलीच्या वरच्या गजांवर होते.

म्हणून साफसफाईच्या बाटल्या वेगळ्या काढल्या, आणि त्यातही आम्लवालं टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एकमेकांशेजारी नाही. दोन्ही सांडून एकत्र झाली तर क्लोरीन वायू सुटतो. 26 चौरस फुटांच्या बंद खोलीत तो किती लवकर भरेल याची कल्पना करून बघा. क्लीनर बेसिनखाली राहिलं, ब्लीच घराबाहेरच्या धुण्याच्या जागेत गेलं.

बेसिनवर आरशाच्या जागी उथळ कपाट करायचं हे बायकोच्या मनात फार दिवस होतं. सुताराने पहिलाच प्रश्न विचारला, कपाटाची खोली किती. मी सहा इंच म्हणालो, कारण सहा हा चांगला आकडा वाटला. बायकोने त्याला आठवड्याने यायला सांगितलं आणि एक पुठ्ठ्याचा खोका कापून, बरोबर सहा इंच खोलीचा करून, आरशावर टेपने चिकटवला. पहिल्याच सकाळी तोंडावर पाणी मारायला वाकलो आणि कपाळ आपटलं. दुसऱ्या दिवशी चूळ टाकताना मुलीचं. मग खोका चार इंचांवर कापला आणि तीन इंच वर सरकवला. चार दिवस कुणाला काही लागलं नाही तेव्हा सुताराला बोलावलं. दोनतीनशे मिलिलिटरच्या बाटल्यांचा व्यास सहासात सेंटिमीटरच असतो. चार इंच, म्हणजे दहा सेंटिमीटर, खोली त्यांना पुरून उरते. आणि उथळ कपाटात एका वस्तूमागे दुसरी लपत नाही, हा फायदा तर धरलाच नव्हता. त्या खोक्यावर अर्धा तास गेला असेल. संपूर्ण कामातलं सगळ्यात उपयोगी अर्ध्या तासाचं काम तेच.

कपाट प्लायचं करायचं नाही यावर मी ठाम होतो. बेसिनखाली पूर्वी प्लायची कपाटं होती. वरून सनमायका चकचकीत, पण खालची कापलेली कड उघडी राहिलेली. त्या कडेतून पाणी चढलं आणि वर्षभरात दार फुगून बंद होईना. आता दोन्ही कपाटं पीव्हीसी फोम बोर्डाची आहेत. त्याला स्क्रूची पकड लाकडाइतकी नसते, त्यामुळे बिजागऱ्या जरा लांब स्क्रूने आणि हलक्या दारांनाच. पण पाण्याने फुगत नाही, आणि मला तेवढंच हवं होतं.

बेसिनखालचं कपाट जमिनीपासून वीतभर उंच टांगलं, खालून पाणी मारून फरशी धुता यावी म्हणून. तिथला खरा त्रास बॉटल ट्रॅपचा, म्हणजे बेसिनच्या सांडपाण्याच्या नळीवरच्या वाटीचा. मधोमध तो लोंबतो, त्यामुळे एकही सरळ फळी टाकता येत नाही. सुताराने फळीला इंग्रजी यू अक्षरासारखी खाच पाडून ती ट्रॅपच्या दोन्ही बाजूंनी नेली. मी त्याला ट्रॅपखाली आणखी चार इंच मोकळे सोडायला लावले. त्या वाटीत केस आणि साबण अडकतात, ती फिरवून काढावी लागते, आणि काढली की आतलं पाणी सांडतं. खाली टमरेल सरकवण्याइतकी जागा नसेल तर ते पाणी कपाटात. अँगल कॉकपर्यंतही, म्हणजे बेसिनचं पाणी बंद करायच्या तोटीपर्यंत, हात सरळ पोचायला हवा. नळ फुटल्यावर आधी शाम्पूचे डबे काढत बसायला वेळ नसतो.

दारामागे चार हुक लावले, प्रत्येकाचा एक. दारावरून अडकवायचे तयार हुक आधी आणले होते. त्यांची पट्टी दोन मिलिमीटर जाड, आणि आमचं दार चौकटीत इतकं घट्ट बसतं की ते लागेचना. स्क्रूने लावले. तुमचं दार पोकळ प्लास्टिकचं असेल तर स्क्रू त्यात धरत नाही, तिथे चिकटणारे हुक बरे. पण टाइल असो वा दार, आधी स्पिरिटने पुसून साबणाचा पातळ थर काढायचा आणि चोवीस तास काही अडकवायचं नाही. ते चोवीस तास कुणीच पाळत नाही आणि मग हुकाला नावं ठेवतात. आंघोळ झाली की टॉवेल बाल्कनीतल्या दोरीवर जातो. हुकावर घडी पडून लोंबणारा जाड टॉवेल दुसऱ्या दिवसापर्यंत वाळत नाही आणि पूर्ण खोली दमट ठेवतो.

आता टॉवेलच्या दांडीबद्दल. ती कमोडशेजारी होती, जुनी, दोन स्क्रूंवर. मी ती काढून तिथे एक बारीक रॅक लावायच्या बेतात होतो. स्क्रूला हात लावला तर दांडी हलली आणि गिट्टीसकट हातात आली. बाजूचं भोक झिजून मोठं झालेलं. टॉवेलने एवढं व्हायचं नाही. आईला विचारलं तर म्हणाली, "मी उठताना तीच तर धरते." किती दिवस? "गुडघा दुखायला लागल्यापासून." म्हणजे दोन वर्षं. दोन वर्षं तिचं सगळं वजन एका टॉवेलच्या दांडीवर येत होतं, आणि मी तिथे कॉटन बड्सची बरणी ठेवायच्या विचारात होतो.

रॅकचा बेत तिथेच सोडला. त्या जागी हाताच्या पकडीत नीट बसेल इतकी जाड आधाराची दांडी आली, दोन्ही टोकांना तीन तीन स्क्रू, पक्क्या विटेत. उंची आईला कमोडवर बसवून, ती हात कुठे नेते ते बघून ठरवली. बसवल्यावर मी स्वतः तिच्यावर लोंबकळून पाहिलं. त्या दांडीवर काहीही अडकवायचं नाही असा नियम केला. चौथ्या दिवशी तिथे अंग घासायची जाळी लटकलेली दिसली. आईचीच होती.

दाराच्या वरच्या कोरड्या भिंतीवर दहा इंच खोल फळी टाकली. झाकणाच्या दोन डब्यांत साबण आणि रोलचा साठा तिथे असतो. झाकण अशासाठी की वाफ वरच जाते. फळी दाराच्या वर असल्याने आत शिरताना ती दिसतही नाही, खोली लहान वाटत नाही. टाकीच्या वरच्या भिंतीवर मात्र काही लावलं नाही. मुलीने तिथे तिच्या क्रीमसाठी फळी मागितली होती. पण टाकीत बिघाड झाला की झाकण सरळ वर उचलावं लागतं, तेवढी मोकळी उंची ठेवून वर काही ठेवायचं तर ते हाताला येणार नाही. त्यावर अजून वाद चालू आहे.

सव्वीस वस्तू गेल्या महिन्यात एकोणतीस झाल्या. मी मोजतो.

राहिला वायपर. साडेचार फूट उंच, पाणी टपकणारा, आणि कुठल्याच भिंतीला मानवणारा नाही. भिजणाऱ्या भागात लावला तर आंघोळ करताना कोपराला लागतो. कोरड्या भागात लावला तर तो भाग कोरडा राहत नाही. दांडा पकडणारी एक क्लिप आणली, तीत हा दांडा बसेना, आमच्या वायपरचा जाड निघाला. तूर्तास दाराआड उभा असतो. काल रात्री आई आत असताना दार ढकललं गेलं आणि तो आडवा पडून दार आतून अडलं. तिने दांडी धरून, उठून, पायाने तो बाजूला सारला आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "याचं काहीतरी बघ."